रिमॅप करून गाडी पळायला लागली, पण एक्झॉस्टचं तापमान बघितलं का? टर्बो गाडीवाल्यांनी आधी हे वाचा

गाडी लोडवर ओढत नाही, घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, ही तक्रार पिकअप आणि जीपवाल्यांकडून कायम ऐकायला मिळते. त्यावर हल्ली एकच उपाय सांगितला जातो : "रिमॅप करून घे." लॅपटॉप लावायचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे, तासा-दोन तासांत गाडी तयार. जुन्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये हेच काम पंपाचा स्क्रू फिरवून केलं जातं. आपल्याकडं त्याला "डिझेल वाढवून घेणं" म्हणतात.

गाडी पळायला लागते हे खरं. पण त्यानंतर एक्झॉस्टमधून जाणारा वायू किती तापतोय, हे बघणारे फार थोडे. महिना-दोन महिने सगळं बरं चालतं आणि मग एखाद्या चढावर टर्बो शिट्टी मारायला लागतो, मॅनिफोल्डला चीर जाते, नाहीतर पिस्टन वितळून इंजिन काम निघतं. भाड्याची गाडी असेल तर गाडी उभी राहते, पण बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

हे टाळायचं असेल तर एक आकडा बघायला शिकावं लागेल. तो म्हणजे एक्झॉस्ट गॅसचं तापमान. मिस्त्री लोक त्याला ईजीटी म्हणतात.

ताकद वाढते म्हणजे नेमकं काय होतं?

डिझेल इंजिनात ताकद मुख्यतः किती डिझेल फवारलं यावर ठरते. रिमॅप करणारा नोझलमधून जास्त डिझेल सोडायला लावतो आणि टर्बोचा दाबही थोडा वाढवतो. जास्त डिझेल जळलं की जास्त ताकद. इथपर्यंत हिशेब सोपा आहे.

पण एक लिटर डिझेल जळल्यावर जी उष्णता तयार होते, तिचे ढोबळ तीन वाटे पडतात. साधारण एक वाटा गाडी ओढायला लागतो. दुसरा वाटा रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर जातो. तिसरा वाटा एक्झॉस्टमधून निघून जातो. म्हणजे डिझेल वाढवलं की ताकदीबरोबर एक्झॉस्टची उष्णताही वाढणारच.

त्यात हवा कमी पडली तर काम आणखी बिघडतं. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की ते नीट आणि वेळेत जळत नाही. काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान झपाट्यानं चढतं. रिमॅपनंतर गाडी काळा धूर टाकायला लागली की काही जण खूश होतात, "बघ कशी ताकद आली." खरं तर तो धूर म्हणजे तुम्ही पैसे देऊन भरलेलं, पण पुरतं न जळलेलं डिझेल आहे.

डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आहे, मग काळजी कशाला?

इथंच सगळे फसतात. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचं, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याचं तापमान दाखवतो. ते पाणी भरपूर असतं, थर्मोस्टॅट त्याला सांभाळतो, त्यामुळं त्याचं तापमान सावकाश बदलतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की थोड्याफार फरकानं तो हलत नाही.

एक्झॉस्टचं तसं नाही. चढावर पूर्ण रेस दिली की पाच-दहा सेकंदांत तापमान दोनशे-तीनशे अंशांनी चढू शकतं. पाण्याचा काटा वर सरकेपर्यंत टर्बो आणि पिस्टन यांनी भरपूर मार खाल्लेला असतो.

नुकसान कुठं होतं?

इंजिनात भडका होतो तेव्हा क्षणभर तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण भडका क्षणाचा असतो. पुढच्या फेरीत थंड हवा आत येते आणि बऱ्याच इंजिनांत खालून ऑइलची धार पिस्टनवर मारलेली असते. उष्णता आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा हा मेळ बिघडला की पिस्टनचं डोकं मऊ पडतं, कडा झिजतात, भोकही पडतं.

बाकीचा मार असा बसतो :

- एक्झॉस्ट व्हॉल्व्ह : कायम गरम वायूत असतो. जास्त तापला की कडा जळतात. तुकडा निघाला तर तो थेट टर्बोच्या पात्यांवर जातो.
- मॅनिफोल्ड आणि टर्बोचं कवच : बिडाचं असतं. खूप तापणं आणि पटकन थंड होणं, असं सारखं झालं की चिरा पडतात.
- टर्बोचा शाफ्ट आणि बेअरिंग : हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. उष्णतेनं ते ऑइल जळून काळा कडक थर बसला की बेअरिंग खराब होतं.
- इंजिन ऑइल : लवकर पातळ होतं, जळतं. ऑइल बदलायचे किलोमीटर पुरत नाहीत.

डिझेल गाडीसाठी आकडे किती?

पक्की मर्यादा इंजिनाप्रमाणं बदलते आणि कंपनीनं दिलेला आकडा असेल तर तोच खरा. पण टर्बोच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डवर सेन्सर लावलेला असेल, तर डिझेल गाडीसाठी ढोबळ अंदाज असा धरतात :

- गाडी उभी, न्यूट्रलला : १०० ते २०० अंश सेल्सिअस
- सपाट रस्ता, बेताचा वेग : ३०० ते ४५०
- लोड घेऊन चढ : ५०० ते ६५०
- ७०० च्या आसपास : इथं थांबायचं. चढ लांब असेल तर रेस कमी करा
- ७५० च्या वर : पाय लगेच सैल करा. अशी गाडी रोज चालवायची नाही

दोन-चार सेकंद आकडा ७२० ला टेकला म्हणून इंजिन लगेच जात नाही. तोच आकडा दहा मिनिटं टिकला तर मात्र जाऊ शकतं. म्हणून आकड्याबरोबर तो किती वेळ टिकला हेही बघायचं.

सेन्सर कुठं लावायचा, यावर सगळं अवलंबून

वायू टर्बोची पाती फिरवतो तेव्हा त्याची ऊर्जा खर्च होते, म्हणून टर्बोच्या पुढं तो बराच थंड झालेला असतो. पूर्ण लोडवर हा फरक १०० ते २०० अंशांचा असू शकतो. हलक्या लोडवर फरक कमी असतो. त्यामुळं "मागच्या आकड्यात सरळ दीडशे मिळवायचे" असा हिशेब चालत नाही. पिस्टन आणि टर्बो वाचवायचा असेल तर सेन्सर टर्बोच्या आधी हवा.

यासाठी जो सेन्सर वापरतात त्याला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. ते टोक तापलं की अगदी थोडी वीज तयार होते, ती मोजून मीटर तापमान दाखवतो. गाडीच्या कामाला 'के टाइप' थर्मोकपल चालतो. तो १,२०० अंशांपर्यंत मोजू शकतो. बसवताना मिस्त्रीला हे सांगा :

1. भोक पाडताना मॅनिफोल्ड काढूनच घ्या. गाडीवर असतानाच ड्रिल मारलं तर बिडाचा चुरा टर्बोत जातो. ज्याला वाचवायला मीटर लावतोय, तोच टर्बो त्यानं खराब होतो.
2. सेन्सरचं टोक वायूच्या मधोमध यायला हवं. भिंतीला चिकटलं तर आकडा कमी दाखवतो.
3. सगळ्या सिलिंडरचा वायू जिथं एकत्र येतो तिथं, टर्बोच्या तोंडाजवळ लावा.
4. तार वाढवायची असेल तर के टाइपचीच तार वापरा. साधी तांब्याची तार जोडली तर आकडा चुकतो. तारेची प्लस-मायनस बाजूही उलटी करू नका.
5. तार एक्झॉस्टला टेकणार नाही अशी बांधा.

मोबाइलवर दिसतं का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सांभाळण्यासाठी एक्झॉस्टमध्ये तापमानाचे सेन्सर कंपनीनंच दिलेले असतात. डॅशबोर्डखाली जो स्कॅनरचा सॉकेट असतो, तिथं ब्लूटूथचा छोटा ओबीडी डिव्हाइस लावून मोबाइलच्या ॲपवर बऱ्याच गाड्यांत हा आकडा दिसतो. सगळ्या गाड्यांत दिसेलच असं नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हा सेन्सर टर्बोच्या आधी आहे की पुढं, हे मिस्त्रीकडून खात्रीनं समजून घ्या. पुढं असेल तर वरचे आकडे त्याला लागू नाहीत. दुसरं, डीपीएफ स्वतःची काजळी जाळतो तेव्हा तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. गाडी हलकी चालत असतानाही असं होऊ शकतं. तो गाडीच्या कामाचाच भाग आहे, घाबरू नका. काजळी जळत असताना गाडी बंद करणं मात्र टाळा.

आणि मोबाइल ड्रायव्हरनं बघायचा नाही. शेजारी बसलेल्यानं आकडे लिहून घ्यायचे.

रिमॅप करायचाच असेल तर तपासणी कशी करायची?

आकडा आधीचा माहीत असेल तरच नंतरचा कळतो. म्हणून मीटर रिमॅपच्या आधी लावायचा, नंतर नाही.

पहिल्यांदा गाडी आहे तशी, नेहमीचा माल भरून, ओळखीच्या चढावर न्या. समजा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटणकडं येणारी पिकअप आहे. कोणत्या गिअरला, किती वेगाला, कोणत्या वळणावर किती तापमान, हे वहीत लिहा. समजा सगळ्यात जास्त आकडा ६१० आला.

आता रिमॅप करा. करणाऱ्याला स्पष्ट सांगा की एकदम नको, टप्प्यानं वाढव. मग तोच घाट, तेवढाच माल, शक्यतो तीच वेळ. दुपारच्या उन्हातला आकडा आणि पहाटेचा आकडा यांची तुलना होत नाही, कारण आत जाणारी हवा जितकी गरम, तितका एक्झॉस्टही गरम. आता त्याच वळणावर ६६० आला तर ठीक. ७४० आला आणि तिथंच टिकला, तर डिझेल जास्त झालंय. ते कमी करून घ्या. रिकाम्या गाडीवर हायवेला टेस्ट मारून "एकदम ओके" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. रिकाम्या गाडीला घाम येत नाही, घाटात लोडवर येतो.

रस्ता सगळ्यांचा आहे. ही तपासणी नेहमीच्या वेगातच करायची, शर्यत लावायची नाही.

रिमॅप न करताही तापमान वाढलंय? मग हे बघा

मीटरचा खरा फायदा इथं आहे. गाडीत काही बिघडत असेल तर तो आधी सांगतो. त्याच चढावर आकडा हळूहळू वाढत चालला असेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं :

- एअर फिल्टर चोंदलेला. ऊसतोड आणि मळणीच्या दिवसांत धूळ जास्त, तेव्हा लवकर बघा.
- टर्बो ते इंटरकूलरचा होस पाइप फाटलेला किंवा क्लिप ढिली. हवा वाटेतच निघून जाते, इंजिनाला कमी पडते.
- इंटरकूलरच्या जाळीत माती, गवत, किडे अडकलेले.
- नोझल नीट फवारत नाही, डिझेल थेंब-थेंब सोडतो.
- डीपीएफ किंवा सायलेन्सर आतून चोंदलेला.

एकाच सिलिंडरचा नोझल बिघडला तर एकत्र बसवलेल्या सेन्सरवर ते लवकर कळत नाही. गॅरेजमध्ये तापमान मोजायची पिस्तुलासारखी गन असते. मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर ती धरून बघितली की कोणता सिलिंडर वेगळा तापतोय हे कळतं.

चालवणाऱ्याच्या हातात काय आहे?

बरंच काही आहे. मोठ्या गिअरला गाडी रडत असताना रेस दाबून धरणं ही सगळ्यात वाईट सवय. त्यावेळी इंजिनाचे फेरे कमी, टर्बोची हवा कमी आणि डिझेल मात्र भरपूर. तापमान भराभर चढतं. वेळीच एक गिअर खाली घेतला की फेरे वाढतात, हवा वाढते आणि तोच चढ कमी तापमानात पार होतो. मीटर लावलेला असेल तर हा फरक डोळ्यांनी दिसतो.

दुसरी गोष्ट, घाट चढून ढाब्यावर पोहोचलात की लगेच चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवा. आकडा २०० च्या आसपास आला की बंद करा. इंजिन बंद झालं की टर्बोला ऑइल जायचं थांबतं आणि लालभडक टर्बोत अडकलेलं ऑइल तिथंच जळतं.

पेट्रोल टर्बोचं गणित वेगळं

आता छोट्या कारमध्येही टर्बो पेट्रोल इंजिन येतं. त्याला डिझेलचे आकडे लावू नका. पेट्रोल टर्बोत पूर्ण रेसला मॅनिफोल्डवर ८५० ते ९५० अंश हे नेहमीचं असतं. काही इंजिनं त्याहून जास्त सहन करतील अशीच बनवलेली असतात.

उलटा प्रकार म्हणजे, डिझेलमध्ये इंधन वाढवलं की तापमान वाढतं, पण पेट्रोलमध्ये पूर्ण रेसला थोडं जास्त इंधन दिलं की तापमान उतरतं. तिथं धोका इंधन कमी पडण्याचा असतो. स्पार्क उशिरा पडला तरी तापमान वाढतं, कारण भडका लांबतो आणि जळता वायू मॅनिफोल्डमध्ये जातो.

काटा खाली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही

काही रिमॅप करणारे डिझेल फवारायची वेळ पुढं आणतात, म्हणजे डिझेल लवकर फवारलं जातं. त्यानं एक्झॉस्टचं तापमान कमी दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण सिलिंडरमधला दाब त्यामुळं वाढतो. मग हेड गॅस्केट उडते, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. पेट्रोलमध्येही स्पार्क फार पुढं आणला तर आकडा कमी दिसतो आणि इंजिन मात्र नॉक करत असतं. म्हणून आकडा चांगला असला तरी खडखड, पाण्यात बुडबुडे, ऑइल कमी होणं, या खुणांकडं लक्ष ठेवा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, गाडीची नोंदणी पुस्तकातली माहिती कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. डीपीएफ काढून टाकणं किंवा ईजीआर बंद करणं म्हणजे धुराच्या नियमांना सरळ बगल देणं. त्या वाटेला जाऊ नका.

वॉरंटीतली गाडी असेल तर रिमॅपनंतर इंजिन-टर्बोचा क्लेम कंपनी नाकारू शकते. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर तिथंही अडचण येऊ शकते. आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडं चौकशी करा, मग ठरवा.

थोडक्यात

- रिमॅपच्या आधी एअर फिल्टर, होस पाइप, नोझल बघून घ्या. बऱ्याच गाड्यांची ताकद तिथंच परत येते.
- मीटर लावा, सेन्सर टर्बोच्या आधी.
- आधीचे आकडे लोडवर, घाटात लिहून ठेवा.
- डिझेल गाडीत ७०० च्या वर टिकू देऊ नका.
- चढाला वेळीच गिअर खाली घ्या, बंद करण्याआधी गाडी थंड होऊ द्या.
- रिमॅप करणारा लोडवर तापमान दाखवायला तयार नसेल तर त्याच्याकडं गाडी देऊ नका.

गावातल्या गाडीवाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना ही माहिती जरूर पाठवा. हंगामात गाडी उभी राहिली की नुकसान एकट्या मालकाचं होत नाही, ज्याचा माल त्यात भरलेला आहे त्याचंही होतं.